पट्टा उतरला, चेन तुटली : स्वतःचं घर बांधणाऱ्यांचे मिनी पोकलेनबद्दलचे नेहमीचे प्रश्न

खानापूरपासून निपाणीपर्यंत आता लहानसहान प्लॉटवरही पाया खणायला मिनी पोकलेन येते. गवंडी ठरलेला असतो, सळई येऊन पडलेली असते, आभाळ भरून आलेलं असतं आणि नेमकी तेव्हाच मशीनची चेन जाते. अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एकाच प्रश्नाची घाई असेल तर तेवढाच वाचा. फक्त पट्ट्याला हात लावण्याआधी प्रश्न ६ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१. आमच्याकडे आलेल्या मशीनला रबरी पट्टा आहे. मग ऑपरेटर त्याला चेन का म्हणतो?

सवयीने. वीस टनी मोठ्या पोकलेनला लोखंडी चेन असते आणि तेच नाव छोट्या मशीनच्या पट्ट्यालाही चिकटलं. दीड ते आठ टनांच्या मशीनना बहुतेक वेळा रबरी पट्टा येतो. लोखंडी चेन कडीला कडी जोडून केलेली असते, एक पिन काढली की ती उघडते. रबरी पट्टा अखंड गोल असतो. त्याच्या आत पोलादी तारा असतात आणि ठरावीक अंतरावर लोखंडी तुकडे बसवलेले असतात. त्याला उघडणारा सांधा नसल्यामुळे तो बाजूने सरकवूनच काढावा आणि घालावा लागतो.

आणखी चार नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील. पट्टा फिरवणारं दात्यांचं चाक म्हणजे स्प्रॉकेट. दुसऱ्या टोकाचं, ब्लेडच्या (माती ढकलायच्या पात्याच्या) बाजूचं गुळगुळीत चाक म्हणजे आयडलर. खाली ओळीने असतात ते रोलर. आणि आयडलरला पुढे रेटून पट्टा ताणून धरणारा, ग्रीसने भरलेला सिलिंडर. आपल्याकडे कुठल्याही खोदणाऱ्या मशीनला जेसीबी म्हणायची पद्धत आहे, पण मागेपुढे बकेट असलेल्या जेसीबीला टायर असतात. तुमची मशीन तशी असेल तर हे पान तुमच्या कामाचं नाही.

२. चेन तुटली की नुसती उतरली, हे कसं ओळखायचं?

पट्टा पूर्ण गोल असून आयडलर किंवा स्प्रॉकेटवरून बाजूला घसरला असेल तर तो उतरला आहे. सामान हाताशी असेल तर तास-दोन तासांचं काम. पट्ट्याची दोन टोकं वेगळी पडली असतील आणि फाटलेल्या जागी केरसुणीसारख्या तारा बाहेर आल्या असतील तर तो तुटला.

फसवणारा प्रकार तिसरा आहे. बाहेरून रबर धड दिसतं, पण आतल्या तारा तुटलेल्या असतात. असा पट्टा एका जागी अरुंद झालेला किंवा फुगलेला दिसतो, ग्रीस कितीही भरलं तरी तासाभरात सैल पडतो आणि आयडलर पुढे येऊन येऊन टोकाला टेकलेला असतो. हा पट्टा चढवण्यात दिवस घालवू नका, तो संध्याकाळपर्यंत तुटणारच. पट्ट्याच्या आतले लागोपाठ दोन-तीन लोखंडी तुकडे निघून गेले असतील तरीही तेच. त्या जागी स्प्रॉकेटचा दात रिकामा फिरतो आणि उरलेल्या रबराला फाडत जातो.

३. चेन गेली त्या क्षणी काय करायचं?

ऑपरेटरने चालवायचे दांडे सोडायचे. 'एकदा मागे घेऊन बघतो' हा मोह टाळायचा, कारण अर्धा उतरलेला पट्टा त्या एका हिसक्यात रोलर आणि फ्रेमच्या मध्ये अडकतो आणि कडेला फाटतो. बकेट आणि ब्लेड जमिनीला टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि चावी खिशात ठेवायची. आजूबाजूच्या पोरांना आणि बघ्यांना लांब पाठवायचं.

मग फोटो काढा : पट्टा जसा पडला आहे तसा, खालची जमीन, जवळ पडलेले सळईचे तुकडे किंवा दगड, आणि तासांचा मीटर. मशीन भाड्याची असेल तर हे फोटो पुढे उपयोगी पडतात (प्रश्न १३).

४. मशीन पायाच्या खड्ड्याच्या काठावर अडकली आहे. तिथेच चेन चढवू का?

नको. आधी मशीन काठापासून दूर घ्या. खड्डा जितका खोल, निदान तितकं अंतर हवं. काळ्या मातीत पाणी मुरलं असेल तर त्याहून जास्त. काठावर एक बाजू उचलली की सगळं वजन दुसऱ्या पट्ट्यावर आणि बकेटवर येतं आणि ओला काठ आवाज न करता खचतो.

एक पट्टा शाबूत असलेली मशीन स्वतःच्या हाताने पाच-दहा मीटर सरकू शकते. बकेट पुढे टाकून दात जमिनीत रोवायचे, आर्म (बकेट धरणारा पुढचा हात) हळू आत ओढायची आणि त्याच वेळी चांगल्या बाजूचा पट्टा त्याच दिशेने सावकाश फिरवायचा. उतरलेल्या बाजूचे रोलर मातीत रुततात, म्हणून त्या बाजूला बकेटने किंचित उचल देऊन खाली फळ्या किंवा लोखंडी प्लेट सरकवायच्या. फळी हातात धरून सरकवायची नाही, लांब पहारीने ढकलायची. उतारावर असाल तर हे स्वतःहून करू नका.

ट्रॅक्टरने ओढायचं असेल तर ओढायचा कापडी पट्टा किंवा तारेचा दोर मशीनच्या खालच्या फ्रेमला बांधा. ब्लेडला, बूमला (आर्म जिला जोडलेली असते त्या मोठ्या हाताला) किंवा वरच्या कडीला बांधू नका. बऱ्याच मशीनच्या चालवायच्या मोटरमध्ये ब्रेक असतो आणि इंजिन बंद असताना तो लागलेला राहतो. त्यामुळे मशीन गडगडत येत नाही, फरफटत येते आणि दोरावर खूप ताण येतो. दोराच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणीही उभं राहायचं नाही.

५. उतरलेला पट्टा जागेवरच चढवता येतो का? काय सामान लागेल?

येतो. ताण धरणाऱ्या सिलिंडरवरच्या ग्रीसच्या व्हॉल्वला बसेल असा गोटी पाना (माप आधीच बघून ठेवा), ग्रीस गन, किलोभर ईपी-२ (जास्त दाब सोसणारं) ग्रीस, पाच फुटी दोन पहारी, दीड इंची जाड लोखंडी पाईपचे दोन-दोन फुटांचे तीन तुकडे, माती काढायला खुरपं आणि पाणी, आणि टेकू द्यायला लाकडी ओंडके. ओंडके साधारण आठ इंच जाड आणि दोन-तीन फूट लांब हवेत. रेल्वेचे जुने स्लीपर किंवा बाभळीचे चालतात.

टेकूला चिरा, वीट किंवा सिमेंटचा पोकळ ब्लॉक वापरू नका. खानापूर भागात जांभ्याचे चिरे साईटवर हाताशी असतात, म्हणून लोक तेच लावतात. चिऱ्यावर भार सगळीकडून सारखा आला तर तो टिकतो, पण लोखंडी फ्रेमची कड एका रेषेत टेकली की अचानक दुभंगतो. लाकूड दबतं, करकरतं आणि बाजूला व्हायला वेळ देतं.

1. सपाट, घट्ट जागा निवडा. वर हेस्कॉमची, म्हणजे विजेची तार नाही ना, हे बघा. मशीन उचलताना बूम एरवीपेक्षा उंच जाते.
2. वरचा भाग फिरवून बूम उतरलेल्या पट्ट्याच्या बाजूला आडवी आणा. बूम आणि आर्ममध्ये ९० ते ११० अंशांचा कोन ठेवा. बकेटचे दात नव्हे, गोल पाठ जमिनीवर टेकवून हळू दाबा, म्हणजे ती बाजू उचलली जाईल. ब्लेडही खाली टेकवा.
3. फ्रेमखाली ओंडके एकमेकांवर आडवे-उभे रचा आणि मशीन त्यांवर किंचित उतरवा. नुसत्या बकेटवर उचललेल्या मशीनखाली हात घालायचा नाही. हायड्रॉलिकची एक नळी फुटली की मशीन खाली येते.
4. रोलर, स्प्रॉकेट आणि आयडलरभोवतीची माती व खडे पूर्ण काढा. इथे आळस केला तर पट्टा चढतच नाही.
5. ग्रीसचा व्हॉल्व सैल करून ग्रीस बाहेर येऊ द्या (प्रश्न ६). मग पहारीने आयडलर मागे रेटा.
6. पट्टा आधी स्प्रॉकेटवर बसवा आणि दाते लोखंडी तुकड्यांमधल्या जागेत नीट बसल्याची खात्री करा. मग दुसरं टोक आयडलरच्या वरच्या कडेवर टेकवा.
7. पाईपचा तुकडा पट्टा आणि आयडलर यांच्यामध्ये आडवा ठेवा. सगळे लांब झाल्यावर ऑपरेटरने तो पट्टा उलट्या दिशेने अगदी हळू फिरवायचा. पाईपमुळे पट्टा आयडलरवरून उचलला जातो. मग थांबून, इंजिन बंद करून, पहारीने पट्टा आत सरकवायचा. दोन-तीन वेळा असं केलं की तो जागेवर बसतो.
8. व्हॉल्व घट्ट करा, ग्रीस भरा, ताण मोजा (प्रश्न ८). पट्टा दोन मिनिटं पुढे-मागे फिरवून पुन्हा मोजा.

सातवी पायरी बोटं घेते. म्हणून खुणा करणारा माणूस एकच ठेवा आणि थांबायचा शब्द आधी ठरवा. ऑपरेटर कन्नड बोलणारा, मदतनीस मराठी आणि गवंड्याचा माणूस हिंदी, ही आपल्याकडची रोजची साईट आहे. 'थांब' म्हणा किंवा 'निल्लिसु' म्हणा, पण सगळ्यांसाठी एकच शब्द ठरवा आणि सोबत हात वर करण्याची खूण ठेवा. इंजिनच्या आवाजात शब्द विरतो, हात दिसतो.

६. ग्रीसचा व्हॉल्व पूर्ण काढला तर काम लवकर होईल ना?

व्हॉल्व पूर्ण काढू नका. एका फेऱ्यापेक्षा जास्त सैल करू नका. सिलिंडरमधलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. पूर्ण सैल झालेला व्हॉल्व गोळीसारखा उडतो आणि त्यामागून येणारी ग्रीसची धार कातडी भेदून आत जाते. पाना लावताना तोंड, पोट आणि दुसरा हात व्हॉल्वच्या समोर नको. बाजूला बसा, चष्मा घाला. ग्रीस खालच्या भोकातून शेवयांसारखं बाहेर येऊ लागलं की पाना थांबवा.

ग्रीस कातडीत शिरल्याची जखम सुरुवातीला टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि फारशी दुखतही नाही. म्हणून लोक फडक्याने पुसून कामाला लागतात. आत गेलेलं ग्रीस मात्र मांस मारत जातं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. जखम दाबू नका, पिळू नका. लगेच १०८ ला फोन करा किंवा हाताची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या दवाखान्यात न्या, आणि 'दाबातलं ग्रीस आत गेलंय' हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गावातल्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत येणं पुरेसं नाही.

७. व्हॉल्व एक फेरा सैल केला, तरी ग्रीस येत नाही. आता?

भोक सुकलेल्या मातीने किंवा घट्ट झालेल्या जुन्या ग्रीसने बुजलेलं असतं. आणखी सैल करण्याचा मोह इथेच होतो आणि अपघातही इथेच होतात. व्हॉल्व तसाच ठेवा, बाजूला व्हा आणि पट्टा थोडा फिरत असेल तर ऑपरेटरला हळू पुढे-मागे करायला सांगा. त्या हालचालीने ग्रीस सुटतं. पट्टा पूर्ण अडकला असेल तर आयडलरवर लाकडी ठोकळा धरून बाजूने दाब द्या. तरीही आलं नाही तर मेकॅनिक बोलवा. निप्पल (ग्रीस गन लावायचं तोंड) फोडणं, गॅसने तापवणं हे उपाय करणाऱ्याला साईटवर करू देऊ नका. बंद सिलिंडर तापवला तर आतला दाब वाढतो आणि तो फुटू शकतो.

८. पट्टा किती घट्ट ठेवायचा?

त्या मशीनच्या पुस्तकात लिहिलं असेल तितका. पुस्तक नसेल तर रबरी पट्ट्यासाठी हा अंदाज चालतो : बाजू उचलून मधल्या रोलरचा तळ आणि पट्ट्याची आतली बाजू यांतली फट मोजा. दीड ते साडेतीन टनांच्या मशीनला ती १० ते २० मिमी असावी. काही पट्ट्यांवर कारखान्यातल्या पक्क्या जोडाची खूण असते, ती वर मधोमध आणून मग मोजतात, नाहीतर माप चुकतं.

लोखंडी चेन याहून पुष्कळ सैल ठेवतात. वीस टनी मशीनची बाजू उचलल्यावर मधोमध फ्रेमच्या तळापासून चेनच्या प्लेटपर्यंत साधारण ३०० ते ३४० मिमी अंतर असतं. मोठ्या मशीनवर शिकलेला ऑपरेटर कधी कधी रबरी पट्टाही तसाच लोंबता ठेवतो आणि तो पहिल्याच वळणावर उतरतो. उलट पट्टा वीणेच्या तारेसारखा ताणला तर आतल्या तारा, आयडलरचं बेअरिंग आणि मोटरचं सील लवकर जातं. मातीत काम करताना चिखल भरून ताण आपोआप वाढतो, म्हणून मोजमाप स्वच्छ पट्ट्यावरच घ्यायचं.

९. चढवला, ताण बरोबर केला, तरी दिवसातून दोनदा उतरतो. का?

ताण टिकतो का ते आधी बघा. सकाळी फट मोजा, दुपारी पुन्हा मोजा. वाढली असेल आणि सिलिंडरभोवती ग्रीस पसरलं असेल तर आतलं सील गेलं आहे. नुसतं ग्रीस भरत राहणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

ताण टिकत असेल तर स्प्रॉकेटचे दाते बघा. चांगला दात वर थोडा रुंद असतो. झिजलेला टोकदार होतो, एका बाजूला हुकासारखा वाकतो. त्यानंतर आयडलर हाताने, पहारीने हलवून बघा. तो डुलत असेल तर त्याचे बुश गेले. रोलरची एक कड झिजून गेली असेल तरी पट्टा त्या बाजूला सरकतो.

आणि चालवण्याची पद्धत. उतारावर आडवं चालवणं, एकाच जागी दोन्ही पट्टे उलटसुलट फिरवून वळणं, मातीच्या ढिगाऱ्यावर एक पट्टा चढवून वळणं, यांनी नवा पट्टाही उतरतो. तीन टप्प्यांत, पुढे-मागे करत वळायला पाच मिनिटं जास्त जातात. ती जाऊ द्या.

१०. तुटलेला रबरी पट्टा जोडता येतो का? एक जण म्हणतो प्लेट लावून बोल्ट मारतो.

तारा तुटल्या असतील तर टिकाऊ जोड होत नाही. पट्ट्याची ताकद रबरात नसते, त्या तारांत असते. प्लेट आणि बोल्टचा जोड मशीनला खड्ड्यातून काढून रस्त्याकडेपर्यंत आणायला कसाबसा पुरतो. त्यापुढे बोल्टची डोकी रोलरवर आपटतात आणि शंभर रुपये वाचवताना रोलर जातो.

वरचं रबर कापलं गेलं असेल, तारा दिसत नसतील, तर टायरवाल्याकडे गरम करून भरलेला पॅच काही महिने चालतो. तारा दिसत आहेत पण तुटलेल्या नाहीत, अशा अवस्थेत पाणी आत शिरू न देणं महत्त्वाचं. पावसाळ्यात उघडी तार गंजते आणि गंज रबराखालून पुढे सरकत जातो. जूनमध्ये दिसलेली चीर दसऱ्यापर्यंत पट्टा घेऊन जाते.

११. लोखंडी चेनची पिन किंवा कडी तुटली तर?

इथे आशा जास्त आहे. चेन जमिनीवर सरळ अंथरायची, मशीन बकेटच्या आधाराने त्यावर चढवायची, वरचं टोक स्प्रॉकेटवरून पुढे ओढून आणायचं आणि दोन टोकं आयडलरजवळ जोडायची. प्रत्येक चेनमध्ये एक मास्टर पिन असते, तिच्या टोकाला खड्डा किंवा वेगळी खूण असते. चेन उघडायची तर तिथेच.

पिन घणाने काढताना ती ठोकणाऱ्याच्या दिशेने ठिकरी उडवू शकते, त्यामुळे हायड्रॉलिक प्रेस असलेला माणूस बोलवणं शहाणपणाचं. पिन आणि बुशसाठी बेळगावात अडत नाही. उद्यमबाग परिसरात टर्निंग आणि हायड्रॉलिकची कामं करणारी वर्कशॉप दाटीने आहेत. फक्त साध्या लोखंडाची पिन करून घेऊ नका. ती आठवड्यात वाकते आणि शेजारची कडीही अंडाकृती करते. उष्णता देऊन कडक केलेली पिन मागा आणि जुनी पिन नमुन्याला न्या.

१२. नवा पट्टा मागवताना दुकानदाराला काय सांगायचं?

पट्ट्याच्या आतल्या बाजूला तीन आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ ३००×५२.५×८०. पहिला रुंदी मिमीमध्ये, दुसरा एका लोखंडी तुकड्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर, तिसरा तुकड्यांची संख्या. ५२.५ गुणिले ८० म्हणजे ४२०० मिमी, म्हणजे पट्ट्याचा घेर ४.२ मीटर. आकडे पुसले असतील तर टेपने मोजा. अंतर एका तुकड्यावरून न घेता दहा तुकड्यांचं मोजून दहाने भागा, आणि तुकडे खडूने खूण करून मोजा.

एवढ्यावर थांबू नका. हेच आकडे असलेले पट्टे वेगवेगळ्या आतल्या रचनेचे येतात. आकड्यांना जोडून एखादं अक्षर असेल (डब्ल्यू, एन, के) तर तेही कळवा. पट्ट्याच्या आतून वर आलेल्या मधल्या लोखंडी शिंगांची उंची आणि त्यांच्यामधली फट वेगळी असली तर पट्टा बसतो, पण रोलरवर घासतो. म्हणून आतल्या बाजूचा फोटो टेप लावून, स्प्रॉकेटचा फोटो आणि मशीनच्या नंबर प्लेटचा फोटो, तिन्ही पाठवा.

कोल्हापूर किंवा पुण्याहून माल येत असेल तर कोगनोळी ओलांडताना राज्य बदलतं. बिल ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं. ते विकणाऱ्याकडून करून घ्या आणि गाडी निघण्याआधी त्याचा फोटो मागवा. धारवाड-हुबळीकडून येणाऱ्या मालाला सीमा लागत नाही, पण ५०,००० च्या वर ई-वे बिल तिथेही लागतं. पट्टा उतरवून घ्यायला माणसं ठेवा, साडेतीन टनी मशीनचा पट्टाही दोघांना उचलत नाही.

एकच बदलायचा की दोन्ही, हेही याच वेळी ठरवा. दुसऱ्याची नक्षी अर्ध्याहून जास्त शिल्लक असेल तर एक पुरतो. नाहीतर मशीन एका बाजूला ओढते आणि ऑपरेटर दिवसभर ती सरळ करत बसतो. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवा पट्टा घालणं मात्र कधीच परवडत नाही.

१३. मशीन तासावर भाड्याने आणली होती. तुटलेल्या पट्ट्याचे पैसे मालक मागतोय. द्यायचे का?

मशीनसोबत ऑपरेटर मालकाचाच असेल आणि पट्टा झिजून तुटला असेल तर खर्च मालकाचा. झिजलेल्या पट्ट्याच्या खुणा दिसतात : नक्षी जवळजवळ सपाट, कडेला जुन्या चिरा, गंजलेल्या काळपट तारा. तुटलेल्या तारा चकचकीत असतील आणि शेजारी ताजी खोल चीर असेल तर काहीतरी धारदार लागलं आहे. ती सळई किंवा जुन्या बांधकामाचं लोखंड तुमच्या जागेत गाडलेलं होतं आणि तुम्ही सांगितलं नव्हतं, तर मालकाच्या मागणीत तथ्य आहे. तेव्हाही नव्या पट्ट्याची पूर्ण किंमत मागणं रास्त नाही. वापरून झालेला भाग वजा व्हायला हवा.

पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधी तीन गोष्टी मोबाइलवर लिहून घ्या : बंद पडलेल्या वेळेचं भाडं नाही, पट्टा आणि बकेटचे दात मालकाचे, जागेत लोखंड आहे का हे तुम्ही सांगितलं आहे. सोबत दोन्ही पट्ट्यांचा फोटो. तोंडी बोलण्यावर दोघेही मनापासून वेगवेगळं आठवतात.

१४. मशीनचा विमा आहे. पट्टा मिळेल का?

बहुधा नाही. बांधकाम यंत्रांच्या विम्यात अपघाताने झालेलं नुकसान धरतात, पण चेन, पट्टे, टायर, बॅटरी, नळ्या असे झिजणारे व बदलायचे भाग वगळलेले असतात. मशीन खड्ड्यात कलंडली आणि त्यात पट्ट्यासोबत फ्रेमही वाकली, तर दावा होऊ शकतो. मग मशीन हलवण्याआधी कंपनीला कळवा.

१५. आमच्या भागात पट्टे एवढे का जातात?

जमिनीमुळे, आणि ती तालुक्यागणिक बदलते. बैलहोंगल, गोकाक, अथणीकडच्या काळ्या मातीत ओला चिखल स्प्रॉकेटच्या दात्यांत भरतो, रात्री सुकून विटेसारखा घट्ट होतो आणि सकाळी पहिल्याच फेऱ्यात पट्टा दात्यांवरून उचलला जातो. म्हणून काळ्या जमिनीत काम संपल्यावर लगेच, ओलं असतानाच खरवडून पाणी मारा. सकाळी तेच काम चौपट वेळ घेतं.

खानापूरकडे जांभा आणि लाल माती. चिखल कमी चिकटतो, पण चिऱ्याचे आणि जांभ्याचे खडे पट्टा व रोलरच्या मध्ये जातात. त्या भागात पाऊसही जास्त, त्यामुळे प्रश्न १० मधला गंज तिथे लवकर धरतो. काळा दगड फोडलेल्या जागी ताज्या कपच्या सुरीसारख्या असतात. अशा जागी मुरुमाचा सहा इंची थर टाकून मग मशीन फिरवा.

सगळ्यात जास्त पट्टे मात्र दगडाने जात नाहीत. सेंट्रिंगवाल्याने कापून टाकलेल्या सळईच्या तुकड्यांनी आणि मातीतून वर आलेल्या कॉलमच्या सळयांनी जातात. रोज संध्याकाळी एक माणूस पोतं घेऊन तुकडे गोळा करत फिरला तर एवढ्या पैशात दुसरा विमा मिळणार नाही.

१६. मशीन बंद, पाया अर्धा खणलेला, आणि पाऊस आला. पट्टा यायला चार दिवस आहेत. खड्ड्यांचं काय?

पूर्ण खोल झालेल्या खड्ड्यांत ताबडतोब चार इंची पीसीसी (सळईविना साध्या काँक्रीटचा थर) टाकून घ्या. काळ्या मातीचा तळ उघडा राहिला तर उन्हात भेगाळतो आणि पावसात फुगून लोण्यासारखा होतो. पीसीसी झाली की तळ झाकला जातो. पाणी आधीच साचलं असेल तर एका कोपऱ्यात फूटभर खोल भोक करून तिथे पंप लावा, पाणी काढा आणि तळाचा मऊ गाळ फावड्याने घट्ट थर लागेपर्यंत काढा. जास्त खोल गेलेली जागा मातीने भरू नका, पीसीसीनेच भरा.

अपुऱ्या खड्ड्यांची खोली आधी काढू नका. शेवटचा अर्धा फूट तसाच राहू द्या आणि पट्टा आल्यावर, किंवा गड्यांकडून, पीसीसीच्या आदल्या दिवशी काढा. वरून पाणी येऊ नये म्हणून प्लॉटच्या चढाच्या बाजूला मातीचा बुटका बांध घाला. खणलेली माती काठाला लागून पडली असेल तर मागे ओढा. आणि काठ फुटला असेल, तळाचा रंग दोन खड्ड्यांत वेगळा दिसत असेल, तर काँक्रीटच्या आधी तुमच्या इंजिनियरला प्रत्यक्ष खड्ड्यापाशी आणा. फोटोवरून तळाचा घट्टपणा कळत नाही.

१७. नवा पट्टा घातला. लगेच पूर्ण कामाला लावू का?

पहिले दोन-तीन तास सपाट जागी, हळू आणि मोठी वळणं घेत चालवा, मग ताण पुन्हा मोजा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतोच. पहिला आठवडा रोज मोजा. पट्ट्याला डिझेल किंवा हायड्रॉलिक तेल लागलं तर लगेच साबणाच्या पाण्याने धुवा, तेलाने रबर सुजतं. जुना पट्टा बरा असेल आणि जपून ठेवायचा असेल तर सावलीत, घडी न घालता आडवा ठेवा. उन्हात उभा लटकवलेला पट्टा एका उन्हाळ्यात तडकतो.